नीलम नगर परिसर: मुलीला गल्लीतील अंगणवाडीत घालावे की महापालिका शाळेतील बालवाडीत?

प्रश्न: पूर्व भागातील आई

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात, नीलम नगर परिसरात आमचे घर आहे. यजमान टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर पाळीने कामाला जातात, सासूबाई घरी विड्या वळतात आणि मी शिलाईचे काम करते. मुलगी फेब्रुवारीत तीन वर्षांची झाली. येत्या जूनपासून तिला कुठेतरी घालायचे हे घरात ठरले आहे, पण नेमके कुठे, यावर एकमत होत नाही. फी भरण्याची ऐपत सध्या नाही. त्यामुळे विचार मोफत सोयींचाच चालू आहे.

पहिली सोय म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेली अंगणवाडी. खोली भाड्याची, वर पत्रा, समोर दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढा ओटा. बाई मात्र वस्तीतल्याच असून मुले त्यांच्याकडे जाताना रडत नाहीत, असे शेजारणी सांगतात. दुसरी सोय महापालिकेच्या शाळेच्या आवारात भरणाऱ्या बालवाडीच्या वर्गाची. तिथे पक्की इमारत, मोठे पटांगण आणि स्वच्छतागृह आहे. परंतु मध्ये अक्कलकोट रस्ता ओलांडावा लागतो आणि एमआयडीसीकडे जाणाऱ्या मालट्रकांची ये-जा तिथे दिवसभर थांबत नाही. जाऊबाईंचे मत तिसरेच आहे. अंगणवाडीत मुले खिचडी खाऊन परत येतात, शिकत काहीच नाहीत, तेव्हा हातउसने घ्या पण इंग्रजी नर्सरीतच घाला, असे त्या भेटतील तेव्हा ऐकवतात.

माझ्या शंका अशा. अंगणवाडीसाठी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड लागते का? आमच्या घरात तेलुगू बोलतात. मुलीला मराठी कळते, पण बोलताना ती अडखळते, मग मराठीतून चालणाऱ्या वर्गात ती मागे पडेल का? अंगणवाडीतून आलेल्या मुलांना चांगल्या शाळा पहिलीत घेत नाहीत, हे खरे आहे का? आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतून नर्सरीच मोफत मिळते असे काही जण म्हणतात, त्यात किती तथ्य आहे? ज्यांनी आपली मुले अशा ठिकाणी घातली आहेत किंवा ज्यांना या कामाची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त मुख्यसेविका

ताई, रेशनकार्डाचे आधी सांगते, कारण त्या एका गैरसमजापायी अनेक आया अंगणवाडीच्या दारातूनच परत फिरतात. अंगणवाडीला कार्डाच्या रंगाची किंवा उत्पन्नाची कोणतीही अट नाही. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या मोजक्या प्रकल्पांत सुरू झाली. पुढे तिचा विस्तार होत गेला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत ती पोहोचली पाहिजे असा आदेश दिला. त्याच आदेशात असेही आहे की ज्या गावातल्या किंवा झोपडपट्टीतल्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती सुरू करावी. तुमच्या गल्लीत अंगणवाडी आहे, म्हणून तुम्हाला याची गरज नाही. पण शहराच्या कडेला नव्याने वाढणाऱ्या वसाहतींतील कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी. तुम्ही जाताना जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड सोबत न्या. जूनची वाट पाहण्याचेही कारण नाही, नाव केव्हाही घालता येते.

दोन्ही सोयी सरकारी वाटल्या तरी त्यांचे मूळ वेगळे आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाच्या नागरी प्रकल्पाखाली येते, तर महापालिका शाळेतला वर्ग महापालिकेच्या शिक्षण विभागाशी जोडलेला असतो. या फरकाचा परिणाम मुलाच्या रोजच्या दिवसावर होतो. अंगणवाडीत शिकवण्याबरोबर पूरक आहार, दरमहा वजन, लसीकरणाचा पाठपुरावा, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास पुढच्या दवाखान्याकडे पाठवणे ही कामे एकत्र बांधलेली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. डोळ्यांतला, कानातला किंवा हृदयातला दोष ज्या वयात सापडायला हवा, ते हेच वय. महागड्या नर्सरीत ही सोय आपोआप मिळत नाही. जाऊबाईंना हे जरूर सांगा.

आता शिकवण्याविषयी. ‘शिकत काहीच नाहीत’ हा आक्षेप बहुतेक वेळा वह्या पाहून घेतला जातो. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरून ओळीने अक्षरे गिरवण्याइतकी ताकद आलेली नसते, आणि ज्या वर्गात त्या वयाची मुले ‘अ अ अ’ अशी पानेच्या पाने भरतात, तो वर्ग चांगला नसून घाईचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यातील अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रम तयार झालेला आहे. त्यात गोष्ट, गाणी, मुक्त खेळ, वर्गीकरण, चित्रे आणि परिसरातल्या वस्तू यांवर भर आहे. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ हा वयोगट एकच धरून खेळातून शिकण्यालाच पहिले स्थान दिले. खरे म्हणजे महाराष्ट्राला यात नवे काही नाही; बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात जाऊन हेच केले होते.

म्हणून निवड करताना इमारतीकडे पाहण्याआधी अर्धा तास आत बसा. न कळवता, सकाळी मुले जमल्यानंतर जा. बाई मुलांशी बोलतात की मुलांवर ओरडतात, हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. गोष्ट सांगताना मध्येच एखाद्याने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळते का, की ‘गप्प बस’ म्हणून त्याला खाली बसवले जाते? खेळणी मुलांच्या हातात आहेत, की ती खराब होतील म्हणून पिशवीत बांधून कपाटावर ठेवली आहेत? दुसरे म्हणजे, बाई मोबाईलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपची माहिती भरत असताना मदतनीस मुलांकडे कशा पाहतात हेही बघा, कारण ती नोंद रोजची आहे आणि त्या वेळात मुले अक्षरशः मदतनिसांच्याच हाती असतात. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाविषयीच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने या वयासाठी २० मुलांमागे एक शिक्षिका असावी असे म्हटले आहे. पटावर नावे जास्त असली तरी प्रत्यक्षात किती मुले बसतात, ते मोजा.

रस्त्याचा मुद्दा मी हलका मानणार नाही. तीन वर्षांच्या मुलीला रोज तो रस्ता कोण ओलांडून देणार आणि ज्या दिवशी ते माणूस आजारी पडेल त्या दिवशी काय, याचे उत्तर घरात मिळत नसेल, तर पटांगण कितीही मोठे असले तरी ती बालवाडी तुमच्यासाठी लांबच आहे.

उत्तर: यंत्रमागावरचा बाप

अक्का, वर मॅडमनी शिकवण्याचे लिहिले आहे, मी खाण्यापिण्याचे लिहितो, कारण माझी रातपाळी संपली की मुलाला सोडायला मीच जातो आणि दारात उभा राहून हेच पाहत असतो.

तीन ते सहा वयाच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरवले होते. ताटातले आकडे आपल्याला मोजता येत नाहीत, पण आठवडाभर रोज तीच पातळ खिचडी येते की मधूनमधून मटकीची, हरभऱ्याची उसळ किंवा लापशी असते, हे मुलाला विचारले तरी समजते. आहार शिजवून आणणारा बचत गट कोणता आणि डबा किती वाजता येतो, हेही बाईंना विचारावे. बाई न चिडता उत्तर देतात.

पाण्याचे मात्र जास्त बारकाईने बघा. आपल्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, हे सगळ्यांना माहीत आहे. भाड्याच्या खोलीत साठवण किती, पिंपाला झाकण आहे का, पाणी काढायला दांड्याचे ओगराळे आहे की मुले हात बुडवून पेला भरतात, आणि पाणी संपले तर कोणाच्या घरून आणतात, एवढे विचारल्याशिवाय नाव घालू नका. मार्च उलटला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. उन्हाळ्यात वर्ग सकाळी लवकर भरतो का आणि पत्र्याखाली पंखा तरी चालतो का, हे विचारून घ्या. आमच्या अंगणवाडीत पालकांनीच वर्गणी काढून पत्र्यावर पांढरा रंग मारून घेतला, त्याने बराच फरक पडला.

उत्तर: प्राथमिक शिक्षक

पहिलीच्या प्रवेशाविषयी आणि आरटीईविषयी आपण विचारले आहे, त्यावर लिहितो.

अंगणवाडीतून आले म्हणून पहिलीत प्रवेश नाकारण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाचणी वा मुलाखत घेता येत नाही. घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या राज्यात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपल्या मुलीचा जन्म फेब्रुवारीतला असल्याने तिच्यापुढे पहिलीपूर्वीची पूर्ण तीन वर्षे आहेत. एवढा वेळ हाताशी असताना पहिल्याच वर्षी तिला अक्षरे यावीत, अशी घाई करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आरटीईच्या बाबतीत लोकांची गल्लत होते ती अशी. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिला; तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन मोफत सोय ‘करू शकेल’ एवढेच कलम ११ म्हणते. पंचवीस टक्के राखीव जागा शाळेच्या प्रवेशस्तरावर असतात आणि बहुसंख्य शाळांत तो स्तर पहिलीचाच असतो. काही थोड्या शाळांत पूर्वप्राथमिकला अशा जागा मिळतात. तेव्हा नर्सरी मोफत मिळेल म्हणून थांबून राहू नका, मात्र पहिलीच्या वेळी अर्ज अवश्य भरा. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, वंचित घटकासाठी जातीचा दाखला चालतो, आणि निवड सोडतीने होते. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देणारी २०२४ मधील अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, त्यामुळे ती जुनी बातमी कोणी पुढे पाठवली तर घाबरू नये.

भाषेची काळजी सोलापुरात नवी नाही. एकाच वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात, आणि महापालिकेच्या शाळाही या वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत. पहिलीत येणारी तेलुगू घरातली मुले मी पाहत आलो आहे. ज्यांच्याशी घरी भरपूर बोलले जाते, गोष्टी सांगितल्या जातात, ती मराठीही लवकर उचलतात. ‘आता शाळेत जातेस, मराठीच बोल’ म्हणून ज्यांची घरची भाषा आखडली जाते, ती दोन्हीकडे अडखळतात. सुरुवातीचे काही महिने मूल वर्गात गप्प बसेल. त्या काळात ते ऐकत असते. अशा वेळी त्याने तेलुगूत पाणी मागितले किंवा लघवीला जायचे म्हटले, तर ते समजणारे माणूस वर्गात असणे फार मोलाचे ठरते. तुमच्या गल्लीतल्या बाई वस्तीतल्याच असल्याने त्यांना तेलुगू येत असण्याची शक्यता आहे; बालवाडीच्या शिक्षिकांविषयीही हीच चौकशी करा. आणि पहिलीत मराठी माध्यम घ्यायचे की तेलुगू, याचा विचार आत्ताच घरात सुरू करा, कारण बालवाडीतील ओळखीमुळे बहुतेक पालक त्याच शाळेत पुढे राहतात आणि माध्यम न ठरवताच ठरून जाते.

उत्तर: दोन मुलांची आई, जुळे सोलापूर

मी थोडे विरोधी लिहिणार आहे. वरील सर्वांनी अंगणवाडीची बाजू चांगली मांडली, पण नियमितपणाबद्दल कोणी बोलले नाही. माझा मोठा मुलगा ज्या अंगणवाडीत होता, तिथल्या बाई मनाने अतिशय चांगल्या होत्या. तरीही सर्वेक्षण, बैठका, लसीकरणाचा दिवस आणि निवडणुकीची कामे यांमुळे कित्येक दिवस गोष्ट-गाणी बाजूला राहून आहार वाटून मुले घरी पाठवली जात. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरात सेविका व मदतनीस संपावर गेल्या, तो संप पुढच्या वर्षीच्या जानेवारीत मिटला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, मानधनात घर चालत नाही हे उघड आहे. पण सात आठवड्यांहून अधिक काळ मूल घरी होते, हेही तितकेच खरे.

धाकटीला म्हणूनच शाळेच्या आवारातल्या बालवाडीत घातले. वर्ग ठरलेल्या वेळी भरतो, शिक्षिकेकडे दुसरी कामे कमी आहेत आणि पटांगणात मुलीचे पाय मोकळे होतात. रस्ता आमच्याही वाटेत आहे. त्यासाठी शेजारच्या आम्ही तीन-चार जणींनी पाळ्या लावून घेतल्या असून एक जण सगळ्या मुलांना नेते, दुसरी आणते. तुमच्या गल्लीत त्याच शाळेत जाणारी आणखी मुले असतील, तर रस्त्याच्या भीतीने ती सोय एकदम मोडीत काढू नका. मात्र शिक्षिकेचे पद भरलेले आहे की वर्ग कोणाच्या तरी तात्पुरत्या नेमणुकीवर चालतो, याची मुख्याध्यापकांकडे खात्री करून घ्या, नाहीतर वर्षाच्या मध्यात वर्गच बंद व्हायचा.

प्रश्नकर्तीचा खुलासा: पूर्व भागातील आई

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे न कळवता जाऊन आले.

अंगणवाडीत गेले तेव्हा बाईंनी मुलांसमोर सुताच्या रिकाम्या कांड्यांची टोपली ओतली होती. आमच्या भागात कारखान्यातून अशा कांड्या सहज मिळतात. त्यांना रंगीत दोरे गुंडाळलेले होते आणि मुले लाल, हिरवे, पिवळे असे ढीग करत होती. एका मुलाने निळी कांडी हिरव्या ढिगात टाकली, तर शेजारच्या मुलीने ती उचलून तेलुगूत त्याला काहीतरी सुनावले. बाईंनी तिला तेलुगूतच विचारले की मग ही कुठे ठेवायची, आणि तिने दाखवल्यावर तोच रंग मराठीत सगळ्यांकडून म्हणवून घेतला. भाषेची माझी काळजी तिथेच बरीच कमी झाली. पिंपाला झाकण होते, ओगराळे नव्हते. पटावरच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त हजर होती. बाईंना बैठकीमुळे महिन्यातून काही वेळा वर्ग सोडावा लागतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितले.

बालवाडीची इमारत खरोखर चांगली आहे, परंतु तिथे तीन वर्षांची आणि पाच वर्षांची मुले एकत्र बसून फळ्यावरचे आकडे उतरवत होती आणि लहान मुले कंटाळून बाकाखाली शिरत होती. आमच्या गल्लीतून तिथे जाणारे दुसरे मूल सध्या नाही, त्यामुळे पाळ्या लावणे जमणार नाही.

पहिली दोन वर्षे अंगणवाडी आणि शेवटच्या वर्षी, मुलगी मोठी झाल्यावर, बालवाडी असा विचार आता यजमानांनाही पटला आहे. असे मध्येच बदलता येते का? आणि पुढे बालवाडीत गेल्यावर वजन, लसीकरण आणि डॉक्टरांची तपासणी बंद होईल का?

उत्तर: निवृत्त मुख्यसेविका

मध्येच बदलण्यास कोणतीही आडकाठी नाही. पाचव्या वर्षी मुलीला मोठ्या गटाची आणि शाळेच्या आवाराची सवय होणे चांगलेच. फक्त तोवर त्या वर्गातले फळ्यावरचे उतरवणे थांबले आहे का, हे पुन्हा एकदा जाऊन पाहा. बालवाडीत गेल्यावरही सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत ती तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सर्वेक्षणात राहते, म्हणून दर महिन्याच्या वजनाला आणि लसीकरणाच्या दिवशी तिला तिथे नेत जा. सहा महिन्यांतून एकदा मिळणारा जीवनसत्त्व ‘अ’चा डोस पाच वर्षांपर्यंत असतो, तो चुकवू नका. वजनाची नोंद बाई मोबाईलवर करतात, तरी तुमच्याजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही ती त्याच वेळी लिहून मागा. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आधी तेच कार्ड पाहतात.

ओगराळ्याचे मात्र बाईंवर सोडू नका. बाजारातून लांब दांड्याचे एक घेऊन, पहिल्या दिवशी मुलीला सोडायला जाताना सोबत न्या.